रेषेच्या आत सात जणी

इरा आणि निहार,

परवा फोनवर इरा म्हणाली, "आजी, आमची टीम प्रत्येक मॅच हरते. मी आता जाणार नाहीये." मागून तुमची आई म्हणाली, "बघू नंतर," आणि विषय बदलला. मी तेव्हा काही बोलले नाही. व्हिडिओवर मला धड बोलता येत नाही. समोरचा चेहरा मधेच थिजतो आणि माझं वाक्य अर्ध्यावर लटकत राहतं. म्हणून लिहिते आहे. जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहायचं ठरवलं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

आत्ताच लिहायला आणखी एक कारण आहे. आज सकाळी आमच्या गॅलरीखालच्या कॉलेजच्या मैदानावर बगळे उतरले. पाऊस चांगला मुरला, माती मऊ झाली, की ते किड्यांसाठी येतात आणि मैदानाच्या मधोमध पाय मोजत हिंडतात. मग संध्याकाळी मुली येतात. पाठीवर सॅक, हातात गाठ मारून लटकवलेले बूट. बगळे चार पावलं मागे सरकतात, पण उडत नाहीत. मुलींनाही त्यांचं काही वाटत नाही. बगळे दिसले की मुलुंडमध्ये फुटबॉलचा मोसम आला, असं मी समजते. कॉलेजची नोटीस त्यानंतर लागते. तुमच्याकडे ऑकलंडला आत्ता थंडी, इकडे पाऊस. पण चेंडूमागे धावायचे दिवस दोन्हीकडे हेच आहेत, याची मला मोठी गंमत वाटते.

मी सांगणार आहे तो मोसम काही वर्षांपूर्वीचा. निहार तेव्हा नुकता चालायला लागला होता. मी निवृत्त झाले होते, तरी आठवड्यातून काही तास शिकवायला जात असे. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, मुलींच्या फुटबॉल संघाबरोबर एक महिला प्राध्यापक लागते. तुम्ही फक्त बाकावर बसायचं." मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. पण बसायचंच असेल तर नीट तयारीनिशी बसावं, म्हणून मी एक पिशवी भरली. कोरडे पंचे, सेफ्टी पिना, केसांचे रबर, लिंबं, मीठ, साखर, बँडेज. मुली त्या पिशवीला 'मॅमचं दुकान' म्हणत. "मॅम, दुकान उघडा ना, रबर तुटला," असं भर सामन्यात कुणीतरी ओरडायची आणि रेफरी माझ्याकडे वळून बघायचा.

त्या दिवसांचे वास अजून माझ्या नाकात आहेत. ओल्या जर्सींचा आंबूस वास, गुडघ्यावर चोळायच्या मलमाचा झणझणीत वास, आणि चिखलाचा. चिखलाला इतका चांगला वास असतो हे मला साठी उलटून गेल्यावर कळलं. सराव संपला की मुली पायरीवर बसून बुटांच्या खिळ्यांमधली माती काडीने काढत. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर त्या मातीचे छोटे छोटे चौकोन पडलेले असत. वॉचमन कुरकुरत झाडायचा.

संघाची कप्तान होती स्नेहल. तिसऱ्या वर्षाची, काटक, बोलायला तिखट. राहायची मानखुर्दला. तिच्या घराजवळ दोन कॉलेजं होती, ती सोडून ती इतक्या लांब यायची, कारण मुलींचा फुटबॉल संघ इथेच होता. आणि तो संघ धोक्यात होता. जुलैत एका सामन्याच्या दिवशी रस्त्यांवर गुडघाभर पाणी साचलं. आमच्या चारच मुली पोहोचल्या, समोरचा संघ मात्र कसाबसा पुरा आला. न खेळताच त्यांना विजय देऊन टाकावा लागला. याला वॉकओव्हर म्हणतात. कॉलेजच्या समितीने त्यावर सरळ सांगितलं, की मुलींचा संघ नावापुरताच उरला आहे. आणखी एक वॉकओव्हर झाला तर पुढच्या वर्षी नाव नोंदवायचं नाही.

स्नेहलने ते ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मॅम, हरलो म्हणून टीम बंद केली असती तर एकवेळ ऐकलं असतं. आलो नाही म्हणून बंद? माझ्या वर्षी? नाही होणार."

मी म्हटलं, "मग प्रत्येक सामन्याला यायचं. सोपं आहे."

सोपं नव्हतं, कारण गणपती आले.

आमचे क्रीडाशिक्षक निंबाळकर सर साताऱ्याकडचे. अतिशय मायाळू माणूस, पण त्यांच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. सामन्यांच्या तारखा ठरवायच्या बैठकीत त्यांनी एवढंच पाहिलं की चतुर्थीच्या आसपास काही नाही, आणि पुढची तारीख खुशाल मान्य करून आले. ती तारीख नेमकी गौरीपूजनाची निघाली. सरांनी ती वाचून दाखवली तेव्हा मैदानावर एकदम कलकलाट झाला. आमच्या निम्म्याहून जास्त मुलींची गावं कोकणात. त्या चतुर्थीच्या आधीच गाडी पकडतात आणि गौरी-गणपती पोचवूनच परततात. त्यांच्या इथल्या घरांना तेवढे दिवस कुलूपच असतं.

"अगं, पण गणपती दीड दिवसाचे ना?" सर म्हणाले.

"सर, दीड दिवसाचे तुमचे. आमचे गौरीबरोबर जातात."

"मग गौरीला सांगा, या वर्षी जरा लवकर निघ म्हणावं."

"सऽऽर!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. सरांनी लगेच दोन्ही कान पकडले.

तारीख बदलून मिळावी म्हणून मी स्वतः आयोजकांना फोन केला. अगदी सभ्यपणे उत्तर आलं, "मॅडम, गणपती सगळ्यांच्याच घरी असतात." आमच्या कोकणातल्या मुलींच्या घरी तो किती दिवस असतो आणि त्यासाठी किती लांब जावं लागतं, हे फोनवर समजावून सांगणं मला जमलं नाही.

फुटबॉलमध्ये अकरा जणी लागतात. पण सात असल्या तरी सामना सुरू करता येतो, असा नियम आहे. सातच्या खाली गेलं की खेळ थांबवतात, आणि आमच्या स्पर्धेत तोही वॉकओव्हरच धरत. स्नेहलच्या घरी गणपती नसतो. ती होतीच. आणखी पाच जणी मुंबईतच राहणार होत्या. झाल्या सहा. आणि त्या सहांत गोलकीपर नव्हती, कारण आमची गोलकीपर सायली मालवणची.

सायली उंच, थोडी अबोल, आणि गोलमध्ये उभी राहिली की दाराला अडसर लावल्यासारखी. तिने घरी विचारून पाहिलं. तिचे बाबा इथे बँकेत शिपाई होते, पण घरी बोलणं मालवणीच. त्यांचं उत्तर तिने आम्हाला जसंच्या तसं करून दाखवलं, कमरेवर हात ठेवून. "गो बाय, गणपती वर्षातून एकदाच येतत. तुझो बॉल खंय पळान जातलो?" सगळ्या हसल्या. सायलीही हसली, आणि मग खाली बघून बूट सोडायला लागली. तिला बाबांचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. तिलाही जायचं होतं. गावच्या घरात वर्षभर कुणी नसतं. त्या दिवसांत सगळी भावंडं येतात, रात्री भजनं होतात, आजीच्या हाताखाली मोदक वळायचे असतात. चेंडूसाठी ते सोड, असं तिला कुणी म्हणालं नाही. स्नेहलसुद्धा नाही.

स्नेहल म्हणाली, "तू जा. जायच्या आधी मला गोलकीपर बनव."

ती संघातली सर्वांत चांगली गोल करणारी. तीच गोलमध्ये उभी राहिली तर पुढे कोण? पण पुढे कुणी नसलं तरी चालतं, मागे कुणीतरी लागतं, असा तिचा हिशेब होता. मग रोज संध्याकाळी माझ्या गॅलरीखाली त्या दोघींची शाळा भरायची. चहाचा कप कठड्यावर ठेवून मी बघत असे. सायली चेंडू मारायची, स्नेहल तोंड फिरवायची.

"अगं बॉलकडे बघ ना! मागे काय बघतेस, मागे काय तुझी बस आलीय?"

"लागतो गं! घाबरते मी."

"घाबर ना, कोण नाही म्हणतंय? डोळे उघडे ठेवून घाबर."

मी वर्गात कितीतरी वर्षं धैर्यावरचे धडे शिकवले. एवढ्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना मी हेच वाक्य मनात म्हणते.

निघायच्या आदल्या दिवशी सायलीने आपले ग्लोव्हज स्नेहलला दिले. स्नेहलची बोटं त्यांत निम्म्यातच संपायची. तिने टोकांत कापूस भरला. माझ्या दुकानातला.

सातवी मात्र अजून मिळायची होती. एक नाव होतं, हेतल. ती आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. बारीक चणीची, पण वाऱ्यासारखी पळायची. हेतलचं घर जैन. त्या वर्षी पर्युषणात तिने अठ्ठाई केली होती, म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. ती काही कुणाच्या आग्रहाने केली नव्हती, तिनेच हट्टाने धरली होती. तिचं पारणं होऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले की आमचा सामना.

स्नेहल आणि मी तिच्या आईकडे, रेखाबेनकडे गेलो. त्यांनी दार उघडलं आणि आमचे चेहरे बघूनच ओळखलं.

"मॅडम, तुम्ही तरी समजा. आठ दिवस नुसता पाणी. आता मूगचा पाणी, थोडी राब, म्हणजे पातळ पेज, एवढाच चालू आहे. आणि ही पोरगी बॉलच्या मागे पळणार?"

आतून हेतल म्हणाली, "मम्मी, मी पळणार नाही. मी उभी राहीन."

"फुटबॉलमध्ये कोण उभा राहतो?"

"आंटी, हिने नुसतं उभं राहायचं," स्नेहल म्हणाली. "आत उभी राहिली तरी सात होतात. मला फक्त सात पाहिजेत."

मला वाटलं, आता रेखाबेन नाही म्हणतील, आणि तेच बरोबर असेल. पण त्या हेतलकडे बघत होत्या. आठ दिवस त्यांनी मुलीचा निश्चय जवळून पाहिला होता. तो कुठे मोडतो आणि कुठे नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मी येणार," त्या शेवटी म्हणाल्या. "बाजूला बसणार. थर्मास घेऊन."

तो दिवस माझ्या आठवणीत तुकड्यातुकड्यांनी आहे. घाटकोपरहून अंधेरीला जाणारी मेट्रो, सणामुळे रिकामी. हेतलला बसवून बाकीच्या तिच्याभोवती उभ्या, जशा काही परीक्षेला नेतायत. खिडकीतून खाली दिसणारे मंडपांचे निळे-लाल पत्रे. रेखाबेनच्या मांडीवर भलामोठा थर्मास. निंबाळकर सर पुन्हापुन्हा खिशातला रुमाल काढून कपाळ पुसणारे. अंधेरीच्या मैदानावर समोरच्या संघाच्या अकरा जणी आणि बाहेर आणखी पाच-सहा. त्यांचे कोच आमच्याकडे बघून म्हणाले, "बाकीच्या कुठायत?"

"गौरीच्या जेवणाला गेल्यात," स्नेहल म्हणाली आणि कापूस भरलेले ग्लोव्हज चढवले.

सामना कसा झाला, हे क्रमाने सांगण्यात अर्थ नाही. सगळा खेळ आमच्याच अर्ध्यात होता. चेंडू आमच्या गोलकडे येत राहिला आणि आम्ही तो परत पाठवत राहिलो. काही वेळा पाठवता आला नाही. मध्यंतराला पाच गोल आमच्यावर झाले होते. स्नेहल चिखलाने पाठीपासून वेणीपर्यंत माखली होती. एकदाही तिने डोळे मिटले नव्हते. माझं लक्ष तेवढ्यावरच होतं. रेखाबेननी थर्मास उघडला आणि आपल्या मुलीला कप दिला. मग तिच्या बाजूला धापा टाकत बसलेल्या सहा जणी बघून त्या म्हणाल्या, "कप आणा सगळ्यांनी." मुगाचं पातळ, कोमट, मीठ-जिऱ्याचं पाणी. माझी लिंबं त्या दिवशी पिशवीतच राहिली.

उत्तरार्धात हेतल पळायला लागली. उभी राहीन म्हणाली होती, पण ऐकते कोण. चेंडूमागे एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पळता पळता ती बसली. मग आडवी झाली. पायात गोळा आला होता आणि चेहरा पांढराफटक.

रेखाबेन थर्मास घेऊन उठल्या. आणि लांब गोलमधून स्नेहलचा आवाज आला, मैदानाच्या या टोकापर्यंत.

"आंटी, आत नाही यायचं! मॅम, धरा त्यांना!"

कारण बाहेरचं कुणी उपचाराला आत गेलं, तर त्या खेळाडूला बाहेर यावं लागतं. हेतल बाहेर म्हणजे आम्ही सहा, आणि सहा म्हणजे सगळं संपलं. मी रेखाबेनचा हात धरला. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही सांगाल तर आत्ता थांबवू. मी सांगते रेफरीला." हे मी मनापासून म्हटलं होतं. संघ राहावा असं मला फार वाटत होतं, पण ती मुलगी माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली होती.

रेफरी वाकून हेतलला विचारत होता. स्नेहल गोल सोडून धावत आली, तिच्याजवळ चिखलात गुडघ्यावर बसली. काय बोलल्या ते हेतलने नंतर सांगितलं. स्नेहल म्हणाली होती, "हेतल, खरं सांग. होत नसेल तर बास. मी चिडणार नाही." आणि हेतल म्हणाली होती, "पाय सरळ कर माझा. आठ दिवस उपासाला बसले ते काय आज उठून जायला?"

स्नेहलने तिचा पाय धरून ताणला. मग हेतल उठली, आणि लंगडत लंगडत आमच्या बाजूच्या रेषेपर्यंत आली. रेषेच्या आत थांबली. बुटाचं टोक चुन्यावर. रेषेच्या बाहेर तिची आई. दोघींमध्ये तेवढी एक पांढरी पट्टी, अर्धी पावसाने पुसलेली. रेखाबेननी कप भरला आणि हात लांब करून तिच्या तोंडाशी धरला. तिने तो तिथेच उभ्या उभ्या संपवला.

"चाल, जा," रेखाबेन म्हणाल्या. "पण पळू नको हं, मूरख."

ती पुन्हा पळालीच. शेवटी शेवटी तिने चेंडू पार पलीकडे नेला आणि आम्हाला एक कॉर्नर मिळाला. गोल नाही, नुसता कॉर्नर. आमच्या मुली अशा ओरडल्या की समोरचा संघ गोंधळून रेफरीकडे बघायला लागला. निंबाळकर सर मला मिठीच मारणार होते, मग भानावर येऊन त्यांनी माझ्या पिशवीलाच नमस्कार केला.

आम्ही आठ शून्यने हरलो. शिट्टी वाजली तेव्हा मैदानावर आमच्या सात जणी होत्या.

परत येताना मेट्रोच्या स्टेशनवर सायलीचा फोन आला. गावात घरात नेटवर्क नसतं, ती वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावर, चढून आली होती. वाऱ्याचा आवाज येत होता. स्नेहलने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. सायलीने किती गोल झाले हे विचारलंच नाही.

"बाहेर कोण गेली का?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"सायले, कोणी नाही. सातच्या सात."

मग ती म्हणाली, "बरं. खाली आरती सुरू झाली असेल. जाते." आणि मग घाईघाईने, "ग्लोव्हज धुवून ठेव हं, वास येतो नंतर."

त्या मोसमात आम्ही पुढे एक सामना जिंकला, एक बरोबरीत सुटला, बाकी हरलो. पण कुठलाच चुकवला नाही. पुढच्या वर्षीही नाव नोंदवायचं, असं समितीने स्नेहल कॉलेजात असतानाच ठरवलं. बैठकीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; दुसऱ्या विषयांबरोबर तोही विषय मंजूर झाला. स्नेहलने ते कळल्यावर फक्त "हां" म्हटलं आणि मला विचारलं, "मॅम, दुकानात सेफ्टी पिन आहे? जर्सी फाटलीय."

इरा, तुला काय करायचं ते तुझं तू ठरव. पाय दुखत असेल, कंटाळा आला असेल, चित्रं काढायला वेळ हवा असेल, तर खुशाल सोड. मला वाईट वाटणार नाही. सोडणार असशील, तर एवढंच कर, की तुझ्या कप्तानला समोर जाऊन सांग, म्हणजे तिला तुझ्या जागी कुणी शोधता येईल. आणि निहार, तू ताईला हसू नकोस. हरणाऱ्या संघात रोज जाणं किती अवघड असतं, हे मी बाकावर बसून पाहिलं आहे.

स्नेहल आता एका शाळेत खेळ शिकवते. सायली बँकेत आहे आणि गणपतीला अजून गावी जाते. हेतल लग्न होऊन सुरतेला गेली. रेखाबेन गुडघ्यांमुळे जिना फारसा उतरत नाहीत, पण मोसमाच्या पहिल्या सामन्याला मुगाचं पाणी त्यांच्याच घरून जातं. सायलीचे ग्लोव्हज केव्हाच फाटले. माझी पिशवी दुसऱ्या कुणीतरी घेतली, आणि तिला अजून दुकानच म्हणतात. दर वर्षी तारखा लागल्या की मुली आधी गावाला न जाणाऱ्या सात जणी पक्क्या करतात, आणि प्रत्येकीला आठवड्यातून एकदा गोलमध्ये उभं करतात.

आज संध्याकाळी पाऊस थांबल्यावर त्या खाली आल्या होत्या. बगळे चार पावलं मागे सरकले. गोलमध्ये एक नवी, ठेंगणी मुलगी उभी होती आणि चेंडू आला की तोंड फिरवत होती. कुणीतरी तिला ओरडून काहीतरी सांगितलं. इतक्या वरून मला शब्द ऐकू आले नाहीत. पुढचा चेंडू आला तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही.

संघ अजून आहे.

तुमची,
आजी